गच्चीवरचा डबा

नेरुळला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक पांढरा डबा सात महिने हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता. किंमत 42,000 रुपये. विकणारा भिशीतल्या मैत्रिणीच्या ओळखीचा. "ताई, मोबाइल टॉवरचं सोसायटीला भाडं मिळतं ना? तसंच हे, फक्त ब्लॉकचेनवर. तुमचा डबा आसपासच्या मीटर-सेन्सरना नेटवर्क देणार, तुम्हाला क्रिप्टो कॉइन."

पटलं, कारण असं खरंच असतं. हीलियम नावाचं नेटवर्क 2019 पासून याच तत्त्वावर चालतं. लोक घरी हॉटस्पॉट, म्हणजे सेन्सरचे निरोप पुढे पोचवणारे छोटे डबे, लावतात. विकणाऱ्याने त्या हॉटस्पॉटचा नकाशाही दाखवला. आपला डबा त्या नेटवर्कवर आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

अ‍ॅपमध्ये रोज 310 रुपयांचे कॉइन. चहा गाळायच्या आधी मी आकडा बघायची. पावसाळ्यात चार दिवस इंटरनेट बंद होतं, तरी आकडा वाढतच होता. तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. मी म्हटलं, काय दणकट यंत्र आहे!

60,000 झाल्यावर काढायला गेले. विकणारा म्हणाला, "आधी 30 टक्के कर आमच्याकडे भरा." 18,000 यूपीआयने पाठवले. मग 'वॉलेट पडताळणी'चे 9,500. (ह्यांना खरी बेरीज अजून सांगितलेली नाही.) मग त्याचा फोन बंद. क्रिप्टोवर 30 टक्के कर 2022 पासून आहे, पण तो नफ्यावर, आणि आपण रिटर्न भरताना सरकारला देतो.

भाच्याने डबा उघडला. स्टिकर नखाने सोलला तर खाली साधा वायफाय राउटर. ती ऐटबाज लांब अँटेना? तिची वायर आत कुठेच जोडलेली नव्हती, नुसती गोंदाने चिकटवलेली.

"मावशी, पण पैसे देणारं गिऱ्हाईक कोण?" हीलियमवर सेन्सरचा 24 बाइटपर्यंतचा एक निरोप 0.00001 डॉलरला जातो. म्हणजे 1 लाख निरोप गेले की 1 डॉलर. बाकी कमाई नव्याने काढलेल्या कॉइनची, भाव पडला की तीही गेली. आणि मी रोजचे 310 पक्के धरून बसले होते!

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो अकरा दिवसांनी. लगेच कळवलं तर पैसे वाटेतच गोठवता येतात. तुम्ही त्याच तासात करा. माझ्याकडे आता तक्रारीचा नंबर आहे.

मैत्रिणीने असे दोन डबे घेतलेत. तिला सगळं सांगितलं. म्हणते, तुझ्याच डब्यात काहीतरी बिघाड असेल.