जीआरई घरून द्यावी की सेंटरवर जाऊन?

लातूर, सांगली, रत्नागिरीकडची मुलं पुढच्या वर्षीच्या एमएससाठी, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, अर्ज करायला बसली की त्यासाठीच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे जीआरईची, तारीख घेतानाच हा प्रश्न समोर येतो. सेंटर म्हणजे पुणे किंवा मुंबई: रात्रीची गाडी, कुणाकडे तरी मुक्काम आणि सकाळी अनोळखी खोलीत अनोळखी कीबोर्ड. घरून द्यायची म्हणजे आपली खुर्ची आणि आपला लॅपटॉप. निवड सोपी वाटते आणि पटकन ‘घरून’वर टिचकी मारली जाते.

पेपर दोन्हीकडे एकच असतो. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. त्यात ३० मिनिटांचा एक निबंध, व्हर्बलचे (इंग्रजीचे) दोन भाग आणि क्वांटचे (गणिताचे) दोन भाग येतात. मधे सुट्टी नाही. गुण देण्याची पद्धत तीच, अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत, आणि दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर हवं, वर्षभरात पाचहून जास्त वेळा बसता येत नाही, हे नियमही तेच. ‘घरून दिली तर पेपर सोपा येतो’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

फरक आहे तो परीक्षा घेण्याच्या कामात. सेंटरवर वीज गेली, नेट अडकलं, शेजारी गोंगाट झाला तर ती सेंटरची डोकेदुखी. घरी केंद्रचालक तुम्हीच, शिपाई तुम्हीच आणि परीक्षार्थीही तुम्हीच. पर्यवेक्षक तेवढा दुसरा, तोही कॅमेऱ्यापलीकडे बसलेला.

हे पलीकडचं काम चालतं कसं, ते आधी समजून घ्या. तुमच्या मशिनवर एक सुरक्षित ब्राउझर बसवावा लागतो. तो सुरू असताना बाकीचे प्रोग्राम बंद ठेवावे लागतात. दुसरा मॉनिटर चालत नाही. टॅब्लेट किंवा मोबाइलवर परीक्षा देता येत नाही. मग पर्यवेक्षक वेबकॅम फिरवून खोली दाखवायला सांगतो: भिंती, टेबल, टेबलाखालचा भाग. लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही आरशातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवावा लागतो, कारण पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वेबकॅमला दिसत नाही. मोबाइलचं काम संपलं की तो हाताच्या टप्प्याबाहेर. इअरफोन नाही, कान उघडे. आणि तुम्ही असं बसायचं की खोलीचं दार पर्यवेक्षकाला दिसलं पाहिजे.

आपल्या घरांत अडतं ते इथेच. वन बीएचकेमध्ये ज्या खोलीत टेबल, त्याच खोलीत देवघर आणि कपाट. दोन तास त्या दारातून कुणीही आत यायचं नाही, हे आजीला पटवणं क्वांटपेक्षा अवघड. आत आलेल्या माणसाने नुसतं ‘चहा ठेवू का?’ विचारलं तरी पर्यवेक्षकाच्या दृष्टीने खोलीत दुसरं माणूस आलं. पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणंही चालत नाही. टेबल-खुर्चीच हवी.

कच्च्या कामाचा मुद्दा ऐकायला किरकोळ, पण क्वांटमध्ये फार मोठा. सेंटरवर कोरे कागद आणि पेन्सिल मिळते. घरी साध्या कागदावर लिहायला सक्त मनाई. छोटा व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर, एवढ्यावरच भागवायचं. शेवटी ते पुसून कॅमेऱ्याला दाखवायचं. शाळेपासून वहीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आकडेमोड करणाऱ्याला जाड मार्करने लिहिताना जागा पुरत नाही. घरून देणार असाल तर सरावाच्या सगळ्या चाचण्या मार्करनेच सोडवा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग पेपरात पुसापुशीतच मिनिटं जातात.

सेंटरची बाजूही गुळगुळीत नाही. झडती होते, सामान लॉकरमध्ये जातं, एसी बोचतो, शेजारचा निबंध बडवत असतो. टोफेलला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, तर शेजारचा चक्क मोठ्याने बोलत असतो आणि तुम्हाला तेव्हाच काहीतरी ऐकायचं असतं. ज्याचं लक्ष आवाजाने पटकन उडतं, त्याला टोफेल घरून देण्यात खरा फायदा आहे. वेळेच्या बाबतीत घर सरळ पुढे आहे: आठवड्याचे सातही दिवस, रात्रीसुद्धा स्लॉट मिळतात. गणपतीचे दहा दिवस मात्र टाळा. मांडवातला स्पीकर पर्यवेक्षकालाही ऐकू जातो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. अनोळखी माणसाला कॅमेऱ्यातून आपली खोली दाखवायची. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एका फेडरल न्यायाधीशांनी क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात अशी खोली तपासणं म्हणजे घटनाविरोधी झडती ठरवली होती. तो निकाल तिथल्या सरकारी विद्यापीठापुरता. आपल्याला तो लागू नाही. घरून परीक्षेची अट मान्य केली की कॅमेरा फिरवावाच लागतो. घरात ते कुणाला आवडणार नसेल तर आधी बोलून घ्या.

वारं कुठल्या दिशेने वाहतंय तेही बघा. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन वर्गांचा, कोर्स घरी बसून करता येतो, पण प्रमाणपत्रासाठीची अंतिम परीक्षा, म्हणजे १०० पैकी ७५ गुण, सेंटरवरच. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीचंही तसंच. एसीसीए या अकाउंटंटांच्या ब्रिटिश संस्थेने तर मार्च २०२६ पासून, अपवाद वगळता, घरून परीक्षा बंद करायचं ठरवलं. कारण एआयची कॉपी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी घरून दिलेली इंग्रजीची परीक्षा चालत नाही. अमेरिकेबरोबर तिकडेही अर्ज टाकायचा विचार असेल तर इंग्रजीची परीक्षा सेंटरवरच द्या. जीआरईच्या बाबतीत ज्या विभागात अर्ज करणार त्याचं प्रवेशाचं पान एकदा वाचा.

माझं मत विचाराल तर: दार लागणारी स्वतंत्र खोली, केबलने जोडलेलं ब्रॉडबँड, आणि लॅपटॉपबरोबर राउटरलाही पुरेल असा इन्व्हर्टर, या तिन्ही गोष्टी असतील तर घर. यातली एक जरी नसली तरी रात्रीची गाडी पकडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जीआरई देण्याचं धाडस कुणी करू नये.

शिवाय तारखांचं गणित करा. अर्जाची मुदत १५ डिसेंबर असेल, तर दुसऱ्या प्रयत्नासाठी २१ दिवस आणि निकालासाठी १० धरून पहिला प्रयत्न नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उरकायला हवा. घरून द्यायची तर त्याहून पंधरा दिवस आधी, कारण मधेच नेट तुटलं तर पुढचे काही दिवस पत्रव्यवहारात जाऊ शकतात. मुदत डोक्यावर आलेली असेल तर सेंटरच.

आणि दोन्हीकडे लागणारी गोष्ट: मूळ पासपोर्ट. फॉर्मवरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. पैसे भरण्याआधी पासपोर्ट समोर उघडून ठेवा आणि अक्षर न् अक्षर त्यावरूनच टाइप करा.