जांभ्याच्या भिंती, लाकडी माळा आणि कौलं: एक उन्हाळा, एक पावसाळा

राजापूर तालुक्यात घर बांधताना राहत्या खोल्यांवर स्लॅब घातला नाही. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, छप्पर नि माळा लाकडाचा. वासे ऐनाचे, माळ्याच्या फळ्या फणसाच्या, दारं-खिडक्यांना एका जुन्या वाड्यातून निघालेलं सागवान. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले आहेत, म्हणून लिहितो.

मे महिन्यात फरक कळला. शेजारच्या स्लॅबच्या घरात रात्री बारापर्यंत छत धगधगतं. आमचा माळा सूर्य मावळला की तासाभरात निवतो. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या साधारण एक दशांशच वाहते आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पंखा पुरतो.

खरी परीक्षा पावसाची. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. सागाची पॅनेलची दारं छान राहिली, कारण पॅनेल चौकटीत सैल बसवलेलं असतं आणि जुनं साग आधीच आळून गेलेलं. ताज्या लाकडाचं एक न्हाणीघराचं दार जुलैत अडकलं, ते दिवाळीनंतर रंधून घेतलं. खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभे आहेत, जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे वाळवीची मातीची नळी दगडावर दिसते आणि वेळीच खरवडता येते. छपराची पाखं भिंतीबाहेर भरपूर काढली आहेत. लाकूड भिजून वाळलं तर चालतं. 20 टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशी धरते. म्हणून वाशांची कापलेली टोकं काजूच्या टरफलाच्या तेलाने माखली. ते कातडीला भाजतं, हातमोजे हवेतच.

अडचणी बहुतेक बांधतानाच्या. ऐन आणि फणस आमच्याच आवारातले, तरी दोन्ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडायला परवानगी, गिरणीवर न्यायला वाहतूक पास. कागदांना वेळ गेला आणि तो हिशोबात धरायलाच हवा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाकूड वाळवणं. ऐन घाईने उन्हात वाळवलं तर तडकतं; सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावं लागतं. आणि कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, नीट कापणारा सुतार! आमच्या भागात असे हात फार थोडे उरलेत, त्यांना योग्य मजुरी द्यायलाच हवी. जुन्या वाड्याचं लाकूड घेतलंत तर आतले खिळे आधी काढून घ्या, रंध्याची पाती जातात.

माळ्यावरचं चालणं खाली ऐकू येतं. लहान बाळ झोपवायचं असेल तर जाड सतरंजी घाला, थोडा फरक पडतो.

ओल्या जागांवर, म्हणजे न्हाणीघर आणि संडासावर, आम्ही स्लॅबच ठेवला. घराचा विचार करत असाल तर आधी लाकूड वाळायला लावा, पाया त्यानंतर खणायला घ्या.