उजव्या बटणाचा बळी : ‘डूम : द डार्क एजेस’ सहा महिने खेळल्यानंतर

नवरात्राच्या आदल्या रविवारी माझ्या माउसचे उजवे बटण गेले. पूर्णपणे बंद पडले असते तर निदान वाद तरी मिटला असता. पण ते एकदा दाबले की कधी दोनदा दाबल्यासारखे होई आणि कधी दाबूनही काहीच होत नसे. माउस चौदा महिन्यांपूर्वी १,४५० रुपयांना घेतलेला होता, वॉरंटी दोन वर्षांची होती, आणि ज्या डाव्या बटणाने मी इतकी वर्षे गोळ्या झाडत आलो ते अजूनही नव्यासारखे वाजते. मरण उजव्याला आले, आणि त्याचे कारण मला पुरते ठाऊक आहे : ढाल.

‘डूम’ ही राक्षसांवर गोळ्या झाडत पुढे जाण्याच्या संगणकीय खेळांची मालिका, आणि ‘द डार्क एजेस’ हा तिच्यातलाच एक खेळ. यापलीकडची मूळ माहिती सांगत नाही. फक्त बटणांपुरते बोलतो. २०१६ च्या ‘डूम’मध्ये आणि २०२० च्या ‘डूम इटर्नल’मध्ये उजवे बटण हे शस्त्राच्या दुसऱ्या करामतीसाठी होते, त्यामुळे ते हवे तेव्हा वापरावे, नको तेव्हा विसरून जावे. येथे मात्र ते दाबून धरले की ढाल पुढे येते, दाबून धरून डावे बटण दाबले की शत्रूच्या अंगावर धडक मारता येते, आणि हिरव्या रंगाचा वार अंगावर येताच नेमक्या क्षणी टिचकी मारली की तो वार परतवला जातो, ज्याला सगळे पॅरी म्हणतात. एका मोठ्या चकमकीत मी मोजून पाहिले, तर उजवे बटण एकशे चाळीस वेळा दाबले गेले होते. रोजचा एक तास धरला तर जून ते सप्टेंबर या काळात त्या बिचाऱ्या स्विचचे काय झाले असेल, याचा हिशेब मी सेवा केंद्रातील मुलासमोर मांडला, पण त्याने माउस उलटसुलट करून पाहिला, “उजवं बटण इतकं कोण दाबतं?” असे विचारले आणि पावतीवर ‘अयोग्य वापर’ असा शेरा मारून तो परत दिला. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा पार्किंगचे पैसे गेले, आणि शेरा होता तसाच राहिला.

यापूर्वीचा खर्च वेगळाच. हा खेळ रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा हिशेब करणारे, हार्डवेअर असलेल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय सुरूच होत नाही, आणि माझे जुने कार्ड, जे ‘इटर्नल’ अगदी लोण्यासारखे चालवत असे, त्या अटीत बसत नव्हते. सेटिंग कमी करून भागवण्याची सोयच ठेवलेली नाही. शेवटी एका ओळखीच्या मुलाकडून आठ जीबीचे वापरलेले कार्ड साडेतेरा हजारांना घेतले, आणि घरी ते ‘कार्यालयीन कामासाठी’ म्हणून नोंदवले गेले. पहिल्या दोन आठवड्यांत मी या खेळाकडे ज्या कडवट नजरेने पाहत होतो, तिच्यात या साडेतेरा हजारांचा वाटा बराच होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता मूळ वादाकडे येतो, म्हणजे हा खेळ ‘डूम’ला शोभतो की नाही, या माझ्या आणि भाच्याच्या वादाकडे. माझा भाचा येथेच, वडोदऱ्यात, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने पाहिलेला पहिला ‘डूम’ म्हणजे ‘इटर्नल’. हवेत दोनदा उडी, दोनदा झेप, शॉटगनच्या आकड्याने राक्षसाला धरून झोका घेणे, करवतीने गोळ्या मिळवणे, आगीच्या फवाऱ्याने चिलखत मिळवणे, आणि या सगळ्यात सेकंदाला एक शस्त्र बदलणे, ही त्याची भाषा. ‘डार्क एजेस’मध्ये दुसरी उडी नाही, झेप नाही, आकडाही नाही. खेळाचे दिग्दर्शक ह्यूगो मार्टिन यांनी आधीच सांगून टाकले होते की ‘इटर्नल’मधला नायक लढाऊ विमानासारखा होता आणि हा रणगाड्यासारखा आहे. भाच्याचे म्हणणे असे की विमान चालवून झाल्यावर रणगाड्यात कोण बसेल. “मामा, डूममध्ये थांबायचं नसतं,” हे त्याचे वाक्य मी या सहा महिन्यांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता आमच्या जेवणाच्या टेबलावरचे लोणचे झाले आहे.

पहिला महिनाभर मी त्याच्याच बाजूने होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जूनच्या अखेरीस मी त्याला लिहिले होते की हा खेळ म्हणजे हिरवा दिवा लागण्याची वाट पाहत चौकात उभे राहणे आहे. ते मत जुलैत बदलले, आणि बदलण्याचे कारण मला १९९६ सालात सापडले.

त्या वर्षी दांडिया बाजारातील एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर घरी गेल्यावर, आम्ही चौघे जण फ्लॉपीवरून आणलेला मूळ ‘डूम’चा फुकट मिळणारा पहिला भाग खेळत असू. १९९३ च्या त्या खेळात उडी नव्हतीच. वर किंवा खाली नेमही धरता येत नसे. बाणांच्या कळांनी चालायचे, कंट्रोलने गोळी झाडायची आणि ऑल्ट दाबून बाजूला सरकायचे. समोरून येणारे आगीचे गोळे इतके स्वच्छ दिसत की त्यांच्यामधून वाट काढणे हाच खरा खेळ होता. जुलैतल्या एका रात्री ‘डार्क एजेस’च्या मोकळ्या मैदानात समोरून लाल-हिरव्या गोळ्यांच्या रांगा येत होत्या, मी लालांमधून अंग चोरून सरकत होतो आणि हिरवा आला की तो परत धाडत होतो, तेव्हा माझा डावा हात नकळत ऑल्टची कळ शोधत असल्याचे मला जाणवले. म्हणजे भाचा ज्याला नवे खूळ म्हणतो, त्यातला निम्मा भाग त्याच्या जन्माच्या आधीचा आहे. उडीच नव्हती, तर दुसरी उडी गेल्याचे सुतक मी कसे पाळणार?

उरलेला निम्मा, म्हणजे तो हिरवा रंग, हा मात्र ‘इटर्नल’नेच आणला आहे, आणि हे मी भाच्याला दाखवून दिले तेव्हा तो प्रथमच गप्प झाला. ‘इटर्नल’मधला मरॉडर हा ढालधारी शत्रू आठवा : त्याच्यापासून ठरावीक अंतरावर थांबायचे, डोळे हिरवे चमकले की त्याच क्षणी गोळी घालायची, एरवी त्याची ढाल काही ऐकत नाही. त्या एका शत्रूवरून २०२० मध्ये केवढा कलह माजला होता! निम्मे लोक म्हणत होते की याने खेळाची लय मोडली, आणि निम्मे म्हणत होते की ज्याला खेळता येत नाही तो रडतो. ‘डार्क एजेस’ने तीच हिरवी चमक उचलून सगळ्या खेळाचा कणा केली, फक्त ढाल आपल्या हाती दिली. भाचा मरॉडरच्या बाजूने भांडणाऱ्यांपैकी एक होता.

अर्थात ‘डूम’च्या चाहत्यांना भांडायला नवे कारण कधी लागलेच नाही. २००४ च्या ‘डूम ३’मध्ये हातात विजेरी धरली की बंदूक धरता येत नसे, त्यावर इतका आरडाओरडा झाला की बंदुकीला विजेरी चिकटवणारा बदल खेळाडूंनीच तयार केला, आणि २०१२ च्या नव्या आवृत्तीत मूळ कंपनीने विजेरी चिलखतावर बसवली. मला ती जुनी विजेरी आवडत असे. एकट्यालाच.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. मूळ वेगावर ठेवलेला हा खेळ सुस्त आहे. त्यावर उपायही खेळातच आहे : खेळाचा वेग, गोळ्यांचा वेग, शत्रूंचा आक्रमकपणा आणि पॅरीसाठी मिळणारी सवड, हे सगळे निरनिराळ्या पट्ट्यांवर मागे-पुढे सरकवता येते, तेही खेळ मध्येच न सोडता. मी वेग थोडा वाढवला, पॅरीची सवड कमी केली, आणि तेथून खेळ माझा झाला. भाचा म्हणतो की वेग खेळाडूलाच ठरवायला लावणे ही बनवणाऱ्यांची पळवाट आहे, आणि याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. ऑगस्टमध्ये रिपाटोरियम हा न संपणारा आखाडा आला, तेव्हापासून तो स्वतःच तेथे सर्वाधिक वेगावर खेळतो, हे त्याच्या आईकडून कळले.

ड्रॅगनवर बसून उडण्याचे आणि अवाढव्य यंत्रमानव चालवण्याचे प्रसंग एकदा पाहावेत, पुन्हा पाहू नयेत. संगीत ठीक आहे.

माझी तक्रार शेवटी त्या बटणाशीच येऊन थांबते. अडवणे, परतवणे आणि धडकणे ही तिन्ही कामे एकाच बोटावर टाकणे म्हणजे घरातल्या एकाच सुनेला स्वयंपाक, धुणी आणि बाजारहाट सांगण्यासारखे आहे. ढाल अंगठ्याजवळच्या बटणावर नेता येते, तशी मी नेलीही. पण हिरवे दिसताच मधले बोट आपोआप दाबले जाते, आणि महिनाभर मी या दोन बोटांच्या भांडणात मरत होतो.

शेवटी रावपुऱ्यातील एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माउस उघडला, आतला मटाराएवढा स्विच काढला, दुसऱ्या एका मेलेल्या माउसमधला स्विच तेथे डागला आणि दीडशे रुपये घेतले. डावेही बदलू का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले, आणि त्याऐवजी त्या मेलेल्या माउसचा दुसरा स्विचही वीस रुपयांत मागून घेतला. तो टेबलाच्या खणात ठेवला आहे.