मोशीचं पॅलेटवालं दुकान: आधी शिक्का बघा, मग रॅक

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या पुस्तकांसाठी पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, लाकडाचा रॅक घेतला होता, दुसरीकडून. दिसायला झकास, पॉलिश चकचकीत. पावसाळा संपता संपता खालच्या फळीखाली मैद्यासारखी पिठी पडायला लागली. बायको म्हणाली, "इथे पीठ कुणी सांडलं?" फळी उलटी केली तर बारीक बारीक भोकं. घुण! सगळं पाइनवुड म्हणून विकलेलं, पण ही एक फळी बहुधा रबरवुडची होती. रॅक गच्चीत गेला, पुस्तकं परत खोक्यात.

लाज वाटायचं कारण वेगळंच. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर्सला आहे. परदेशातून येणाऱ्या मालाच्या पॅलेटवरचा शिक्का बघणं हे माझं रोजचं काम. गव्हाच्या ओंबीचं चित्र, शेजारी देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा नंबर आणि एचटी. एचटी म्हणजे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. आतल्या अळ्या तिथेच संपतात. चीनहून आलेल्या पॅकिंगच्या लाकडातून लांब मिशांचा एक भुंगेरा अमेरिकेत शिरला, १९९६ साली न्यूयॉर्कला सापडला आणि तिथे हजारो झाडं तोडावी लागली. असल्या पाहुण्यांना वाटेतच अडवण्यासाठी २००२ मध्ये हा शिक्क्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला. आमच्याकडे एकदा बिनशिक्क्याची खोकी आली, तर माल न्हावाशेवा बंदरातच अडकला. धुरी दिल्यावर सुटला, तोवर प्रॉडक्शनवाले माझ्या नावानं शंख करत होते.

आणि घरासाठी घेताना मात्र मी शिक्का शोधलासुद्धा नाही.

तर हे दुकान. पुण्याजवळ मोशीत, मुख्य रस्त्यापासून आत, पत्र्याची शेड. कुदळवाडीतली भंगारची दुकानं पाडल्यापासून असा माल शोधायला फिरावं लागतं, त्यात हे सापडलं. मी विचारायच्या आत मालकानंच पॅलेट उभं करून शिक्का दाखवला: डीई, म्हणजे जर्मनी, आणि खाली एचटी. "एमबी असेल तर घरातल्या वस्तूला वापरत नाही साहेब, ते गॅसवालं," म्हणाला. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. बाकीचे सुतार पहिला रंधा शिक्क्यावरच मारतात, कारण गिऱ्हाईकाला तो घाण वाटतो. हा गडी शिक्क्याची फळी तशीच ठेवतो. साल पण खरवडून काढतो. नियमात ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद साल राहिली तरी चालते, पण हा म्हणतो, किड्याला सालीखालीच घर आवडतं, मग ठेवायची कशाला?

एक गोष्ट त्यानं प्रामाणिकपणे सांगितली, म्हणून इथे लिहितोय. शिक्का म्हणजे जन्मभराची गॅरंटी नव्हे. तापवलं तेव्हा आत होतं ते मेलं. नंतर लाकूड वर्षभर ओल्या गोदामात पडलं तर नवीन कीड लागू शकते. त्याचा माल जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर रचलेला होता. मी वाकून खाली पिठी आहे का बघितलं. नव्हती. तो हसला.

पाच फुटी रॅक ४,८०० रुपये, टेम्पोचे ६०० वेगळे. स्वस्त नाही. शिवाय आठ दिवसांत देतो म्हणून एकोणीस दिवस लावले आणि फोन उचलायची पद्धत नाही. एक खिळा बाहेर राहिला होता, तो मीच ठोकला. पॉलिश जरा खडबडीत, कपडे अडकतात.

यंदाचा पावसाळा रॅकनं कोरडा काढलाय. ओंबीचा शिक्का नेमका दर्शनी बाजूला आलाय, बायकोला तो अजिबात आवडत नाही. तिनं त्याच्यापुढे मनीप्लांटची बाटली ठेवलीय. मी रोज सकाळी ती थोडी सरकवतो.