गाण्याचे शब्द दाखवणारी ॲप्स: गुणगुणायला झकास, अर्थ लावायला अर्धवट

स्ट्रीमिंग ॲपवर गाणं लावलं की पडद्यावर शब्द सरकू लागतात. ॲपल म्युझिकमध्ये तालावर सरकणारे शब्द २०१९पासून आहेत. स्पॉटिफायने गाण्यांचे शब्द पुरवणाऱ्या म्युझिक्समॅच कंपनीच्या साथीने ही सोय नोव्हेंबर २०२१मध्ये जगभर दिली. सोबत गायचं असेल तर तक्रारीला जागा नाही. इथे मात्र ही सोय वेगळ्या कामाला जुंपून पाहिली आहे. चाल उडती, ठेका नाचरा आणि शब्दांत बंदूक, कर्ज, युद्ध नाहीतर बेकारी, अशा गाण्यांचा अर्थ ती हाती लागू देते का?

शब्द हाती लागतात, अर्थ बऱ्याचदा निसटतो. त्याचं कारण सोयीच्या घडणीतच आहे.

या सोयीमागची युक्ती गाण्याचे शब्द वेळेसकट साठवणाऱ्या जुन्या एलआरसी फाइलींसारखीच साधी आहे. प्रत्येक ओळीआधी मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा शंभरावा भाग लिहिलेला असतो. ती वेळ आली की ओळ उजळते, पुढची आली की आधीची विझते. म्हणजे डोळ्यांसमोर एका वेळी मोजक्याच ओळी. ध्रुवपद तीन-चार वेळा उजळतं, कडवं एकदाच येऊन जातं. गोची नेमकी इथे आहे, कारण अशा गाण्यांत खरा मजकूर बहुतेक वेळा कडव्यातच भरलेला असतो.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४चं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ लावून बघा. ध्रुवपदात देशाचं नाव, त्यावर सिंथेसायझरची एकच दणदणीत धून आणि हाणून वाजवलेला ड्रम. पडदा पुन्हापुन्हा तेच चार शब्द उजळतो, त्यामुळे गाणं थेट देशाभिमानाचं वाटतं. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे. त्याला कारखान्यात काम मिळत नाही, माजी सैनिकांच्या कचेरीत दाद लागत नाही आणि त्याचा भाऊ व्हिएतनाममधल्या खे सानच्या लढाईत गमावलेला आहे. त्याच वर्षी निवडणूक प्रचारात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश असल्याचं सांगितलं होतं. सरकते शब्द तेव्हा असते तरी फार फरक पडला नसता, असं ही सोय वापरताना वाटतं.

तेव्हा वापरायची रीत बदला. गाणं थांबवा. ॲपल म्युझिकमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून सगळे शब्द एकत्र उघडता येतात. दुसरीकडे तशी सोय नसेल तर ओळी बोटाने वर सरकवत वाचा. ध्रुवपद सोडून फक्त कडवी वाचायची. मग प्रत्येक कडव्यात बोलतंय कोण ते बघायचं: ‘तो’ की ‘मी’? ही खूण कुठलंच ॲप दाखवत नाही, आणि अर्थ अनेकदा तिच्यावरच उलटतो. फॉस्टर द पीपलचं ‘पम्प्ड अप किक्स’ (२०१०) हा त्याचा नमुना. शीळ, गुबगुबीत बेस, उन्हाळी सुट्टीसारखी चाल. पहिल्या कडव्यात रॉबर्ट नावाच्या मुलाबद्दल कुणीतरी सांगतंय: त्याला वडिलांच्या कपाटात पिस्तूल सापडलंय. ध्रुवपदात अचानक ‘माझी बंदूक’ येते. दुसऱ्या कडव्यात तर तो मुलगाच ‘मी’ होऊन बोलतो. बाप उशिरा घरी येतो, जेवण गार. सांगणारा माणूस गाण्याच्या मध्यात बदलतो आणि ऐकणारा नकळत मारेकऱ्याच्या डोक्यात जाऊन बसतो. शीर्षकातले ‘किक्स’ म्हणजे बोलीत बूट, इथे महागडे बूट. ही बोली माहीत नसेल तर समोर शब्द असूनही धमकी कुणाला दिली जातेय ते कळत नाही. शिवाय कडव्यांतला आवाज मुद्दाम फोनवरून आल्यासारखा दबका ठेवलाय आणि ध्रुवपदाचा स्वच्छ. या एका गाण्यापुरते पडद्यावरच्या शब्दांचे उपकार मानायलाच हवेत, नुसत्या कानाने ती कडवी पकडणं अवघड आहे. हे गाणं वाजवताना काही प्रसारणांत बंदूक आणि गोळी हे शब्द गाळले जायचे. असं धुऊन काढलेलं रूप तुमच्या यादीत आलं असेल तर पडद्यावरही त्या जागी चांदण्या किंवा मोकळी जागा दिसू शकते. म्हणून शब्द वाचण्याआधी मूळ रूपच लावलंय ना ते तपासा. गाण्याच्या नावापुढे ‘ई’ची (म्हणजे ‘एक्स्प्लिसिट’ची) छोटी खूण असली तर शब्द गाळलेले नाहीत. ‘क्लीन’ किंवा ‘रेडिओ एडिट’ लिहिलेलं असलं तर दुसरं रूप शोधा.

शब्द आणि आवाज जुळत नसले तर दोष कुठला ते ओळखणं सोपं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक राहिला, तर दुसऱ्याच रूपाचे शब्द जोडलेत, सुरुवातीचं संगीत लांब किंवा आखूड आहे. फरक हळूहळू वाढत गेला, तर गाण्याचा वेग बदललेला आहे.

जे शब्द नाहीत ते दाखवायचे कसे, याचं उत्तर कुठल्याच ॲपकडे नाही. ब्रिटिश गायिका एम.आय.ए.च्या ‘पेपर प्लेन्स’ (२००७) या गाण्यात ध्रुवपदाचं वाक्य मध्येच तुटतं आणि तिथे गोळ्यांचे आवाज येतात, मग गल्ला उघडल्याचा खणखणाट, मग पैसे घेण्याची गोष्ट. स्थलांतरितांकडे लोक ज्या संशयाने बघतात त्याची ही थट्टा आहे. कडव्यात व्हिसा बनवून देण्याचा उल्लेख आहे. वाक्यातलं क्रियापदच बंदुकीचा आवाज आहे! पडद्यावर तिथे अर्धवट वाक्य उरतं. अशा गाण्यांसाठी एकदा शब्द बंद करून हेडफोनवर ऐकण्याला पर्याय नाही.

परभाषेतल्या गाण्यांच्या बाबतीत भाषांतराचं बटण असेल तिथे ते वापरा, पण त्यावर विसंबू नका. बेल्जियमच्या स्ट्रोमायचं ‘अलोर ऑं दाँस’ ही गंभीर गोष्टींची साखळी आहे: शिक्षण म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे पैसा, पैसा म्हणजे खर्च, उधारी म्हणजे देणं, देणं म्हणजे दारात जप्तीवाला. आणि मग ध्रुवपद. त्याचं भाषांतर ‘चला नाचूया’ असं केलं की गाणं मेलंच म्हणून समजा. मूळ वाक्य आमंत्रण नाही, साधं विधान आहे: ‘मग काय, आपण नाचतो’. सगळा काळोख त्या ‘मग’मध्ये आहे.

भाषांतर म्हणून गायलेलं दुसरं रूप तर आणखी फसवं. नेनाचं १९८३चं जर्मन ‘९९ लुफ्टबलोन्स’ (म्हणजे ९९ फुगे) आणि १९८४चं इंग्रजी रूप शेजारीशेजारी ठेवून वाचा. जर्मनमध्ये फुग्यांना रंगच नाही, लाल रंग इंग्रजीत आला. जर्मन शेवट सांगतो की ९९ वर्षांच्या युद्धात जिंकणारा कुणी उरला नाही, युद्धमंत्रीही नाहीत आणि विमानंही नाहीत. इंग्रजी शेवटात स्वप्नं आणि धुळीला मिळालेलं शहर आहे, ते ९९ वर्षांचं युद्ध नाही. दोन्हीकडे शेवटी ठेका गळतो आणि चाल संथ होते, तेवढं मात्र पडद्याकडे न बघताही कळतं.

टिपा हव्या असतील तर जीनियसवर जावं लागतं. २००९मध्ये रॅपच्या ओळींचे अर्थ लावायला सुरू झालेली ही साइट ओळीवर टिचकी मारली की खुलासा उघडते. टिपा कुणीही लिहू शकतं, म्हणून दर्जा अगदी खालीवर. कलाकाराने स्वतः लिहिलेल्या टिपेवर वेगळी खूण असते, आधी ती वाचा. ‘हे गाणं अमक्या घटनेवर आहे’ असं छातीठोक लिहिलेलं दिसलं आणि खाली मुलाखतीचा दाखला नसला तर सरळ पुढे चला.

एक उपाय ॲपमध्येच आहे, तरी फारसा वापरला जात नाही: त्याच गाण्याचं उघडंबोडकं रूप शोधणं. स्प्रिंगस्टीनच्या त्या गाण्याचं नुसत्या गिटारवरचं १९८२चं ध्वनिमुद्रण १९९८च्या ‘ट्रॅक्स’ या संचात आहे. ड्रम नाही, सिंथेसायझर नाही. ध्रुवपद जवळपास तेच, पण ते ऐकताना मूठ वर जात नाही. आऊटकास्टच्या ‘हे या!’ला (२००३) मात्र उपाय लागतच नाही. नातं टिकत नाही तरी जोडपी सोबत का राहतात, असं विचारता विचारता गायक मध्येच सुनावतो की तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये, तुम्हाला फक्त नाचायचंय. ती ओळ पडद्यावर व्यवस्थित, वेळेवर उजळते, आणि पुढच्याच क्षणी विझते.