दगडावर नाव कोरून घेताय? घुबडाचं तोंड आधी बघा

तीस वर्षं कोल्हापुरात बोर्ड रंगवले. आधी थेटरांचे, मग दुकानांचे. फ्लेक्स आल्यावर ब्रश धुऊन ठेवले. त्यामुळं अक्षराच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे आधीच सांगतो. उद्यमनगरातल्या या सीएनसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं) कोरीवकाम करणाऱ्याचं नाव देत नाही. पोरगा कष्टाळू आहे आणि चूक त्यानं पदरमोड करून निस्तरली.

काम जरा वेगळं होतं. नव्या घराच्या दाराशेजारी बायकोचं नाव, मालती, इजिप्तच्या चित्रलिपीत. हे खूळ शिरलं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा फोटो बघून. २००२ साली उघडलेली इमारत, नकाशा नॉर्वेच्या स्नोहेट्टा या आर्किटेक्ट कंपनीचा. बाहेरची वळणदार भिंत करड्या ग्रॅनाइटची आणि तिच्यावर सुमारे १२० लिप्यांमधली अक्षरं कोरलेली. जुन्या इजिप्तच्या देवळांत भिंत अशीच लिहून भरलेली असायची, तीच खोड नव्या इमारतीत आली. आमच्या थेटरांच्या धंद्यातही ती होतीच: हॉलिवूडचं इजिप्शियन थिएटर ऑक्टोबर १९२२ मध्ये उघडलं, इजिप्तचा राजा तुतनखामुन याची कबर सापडायच्या जेमतेम अडीच आठवडे आधी!

तर मालती म्हणजे घुबड (म), गिधाड (आ), सिंह (ल), पुन्हा गिधाड, पावाचा तुकडा (त), शेवटी बोरूची दोन पाती (ई). सिंहाचा ‘ल’ इजिप्तची राणी क्लिओपात्रा आणि राजा टॉलेमी यांच्या नावांत आहे. १८२२ मध्ये शांपोलियॉन या फ्रेंच अभ्यासकाला लिपीचं कुलूप उघडायला ही नावं कामाला आली. सगळ्याभोवती लंबगोल चौकट. ती खरं तर गाठ मारलेली दोरी, फक्त राजाराणीच्या नावाला. आमच्या घरी तो हक्क कुणाचा, हे विचारू नका.

आई म्हणाली, "दारात घुबड नि दोन दोन गिधाडं?" घुबड लक्ष्मीचं वाहन आहे म्हटल्यावर ते तिनं सोडून दिलं. गिधाडांवर अजून बोलते.

आता दुकानाचं. दोन फूट बाय नऊ इंच काळा ग्रॅनाइट, साडेसहा हजार. आठवडा सांगितला, तीन आठवडे लागले. पोरानं कॉम्प्युटरवर चौकटीच्या टोकाची उभी रेघ बघितली आणि म्हणाला, "मामा, ही चुकून आलीया काय? काढतो." थांबवलं, ती दोरीची गाठ आहे. तेवढ्यात वाचलो असं वाटलं.

पाटी घरी आणली तर पक्षी सगळे उजवीकडं बघतायत. माझ्या कागदावर डावीकडं होते. फोन केला. "मामा, दार उजव्या हाताला हाय न्हवं? पक्ष्यांनी दाराकडं पाठ केलेली बरी दिसत न्हाई, म्हणून एकेक फिरवला." फिरवले, पण क्रम तोच ठेवला! या लिपीत पक्षी ज्या बाजूला बघतो, तिथून ओळ सुरू होते. म्हणजे ही पाटी उजवीकडून वाचायची: ई-त-आ-ल-आ-म. बायको इतालाम झाली.

गंमत म्हणजे पोराची नजर चुकीची नव्हती. इजिप्तचे कारागीर दाराच्या दोन्ही बाजूंचा मजकूर बऱ्याचदा एकमेकांचा आरसा करून कोरायचे, चिन्हांची तोंडं दाराकडं. फक्त ते अख्खी ओळ उलटवायचे, नुसती पाखरं नाही. हे समजावल्यावर त्यानं दुसऱ्या दगडावर अख्खी ओळ उलटवली, गाठीची रेघ डाव्या टोकाला नेली. जादा पैसे घेतले नाहीत.

कोरणी मात्र मानली. चार मिलिमीटर खोल, कड धारदार. सोनेरी रंग भरू का म्हणाला, मी नको म्हटलं. इजिप्तमध्ये बाहेरच्या भिंतींवर चित्रं बहुधा आत खोदलेली असायची, उन्हात कडेची सावली पडून ती ठळक दिसावीत म्हणून. आमचं दार पश्चिमेला. पाचच्या सुमाराला तिरपं ऊन येतं तेव्हा गिधाडाच्या चोचीत काळी रेघ उभी राहते, दुपारी बारा वाजता पाटी नुसती करडी. पॉलिश केलेल्या काळ्यात कोरलेलं करडं, दुसरा रंग लागतच नाही.

पाचपैकी चार. एक तीन आठवड्यांचा आणि पाखरांचा मिळून कापला.

पहिली पाटी पोरानं नमुना म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात लावलीय. दोन गिऱ्हाइकं "अशीच पायजे" म्हणून गेली म्हणे. इतालामबाई आणखी दोन घरांवर लागायच्या आधी ती उतरव, असं सांगून आलोय. तो हसला, उतरवली नाही.