लेसर, फेको की लहान छेदाची पद्धत: मोतीबिंदूनंतर दृष्टी कधी आणि किती सुधारते?

मोतीबिंदूचे निदान झाल्यावर रुग्णालयात समुपदेशक जो दरांचा कागद पुढे ठेवतात, त्यात दोन वेगवेगळे निर्णय बहुधा एकाच ‘पॅकेज’मध्ये बांधलेले असतात. मोतीबिंदू कोणत्या पद्धतीने काढायचा हा पहिला, आणि त्याच्या जागी कोणते कृत्रिम भिंग बसवायचे हा दुसरा. महागड्या पॅकेजमध्ये लेसर आणि उंची भिंग एकत्र आले, की पुढे मिळणाऱ्या चांगल्या दृष्टीचे श्रेय कशाचे हे रुग्णाला कळत नाही आणि पैसे नेमके कशाचे मोजले हेही कळत नाही. म्हणून या लेखात दोन्ही निर्णय सुटे करून पाहिले आहेत. मत आधीच मांडतो: बहुसंख्य डोळ्यांच्या बाबतीत फेम्टोसेकंद (म्हणजे अतिसूक्ष्म काळाच्या झोतांनी काम करणाऱ्या) लेसरमुळे बरे होण्याच्या काळात किंवा अंतिम दृष्टीत रुग्णाला जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो डोळ्याच्या मूळ अवस्थेमुळे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजमापाच्या अचूकतेमुळे, भिंगाच्या निवडीमुळे आणि शल्यविशारदाच्या सरावामुळे.

तीन पद्धती

आपल्याकडे टाका न घालता होणाऱ्या कोणत्याही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला सर्रास ‘लेसर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक शस्त्रक्रिया फेको पद्धतीच्या असतात आणि फेकोमध्ये लेसर नसतो. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणलेल्या या पद्धतीत सुमारे २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून एक बारीक नळी आत जाते, ती ध्वन्यातीत कंपनांनी गढूळ भिंगाचे तुकडे करून ते शोषून घेते आणि त्याच छेदातून घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सोडले जाते.

खरी लेसर शस्त्रक्रिया, म्हणजे फेम्टोसेकंद लेसरची, बुडापेस्टमधील झोल्तान नॉज यांनी २००८ मध्ये प्रथम केली. यात बाहेरचा छेद, नैसर्गिक भिंगाभोवतीच्या पातळ पिशवीला पाडायची गोल खिडकी आणि गाभ्याचे प्राथमिक विभाजन ही तीन कामे संगणकाच्या नियंत्रणाखालील लेसर करतो. मात्र त्यानंतरचे काम, म्हणजे तुकडे बाहेर काढणे, पिशवी स्वच्छ करणे आणि भिंग बसवणे, फेकोच्याच यंत्राने आणि डॉक्टरांच्याच हातांनी होते. लेसर घेतला म्हणजे फेको टळला, असा समज असेल तर तो चुकीचा आहे.

तिसरी पद्धत लहान छेदाची, हाताने करायची. डॉक्टर तिला एसआयसीएस म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरपा बोगदा करून साधारण सहा-सात मिलिमीटरच्या वाटेने भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढतात, आणि बोगद्याची रचनाच अशी असते की बहुधा टाक्याची गरज पडत नाही. धर्मादाय रुग्णालये आणि शिबिरांमधून होणाऱ्या शस्त्रक्रियांचा मोठा भार या पद्धतीने पेललेला आहे.

पहिला दिवस, पहिला आठवडा

लवकर बरे होण्याबाबत तुलना करायची तर फेको आणि लेसर एका बाजूला, आणि हाताची पद्धत दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी योग्य ठरते. फेको आणि लेसर बऱ्याचदा केवळ बधिरतेच्या थेंबांवर होतात, त्यामुळे रुग्ण काही वेळातच उघड्या डोळ्याने, वर गॉगल लावून घरी जाऊ शकतो. एसआयसीएसमध्ये डोळ्याभोवती भुलेचे इंजेक्शन देतात, म्हणून साधारणपणे दुसऱ्या दिवसापर्यंत पट्टी राहते, आणि छेद मोठा असल्याने लाली व खुपल्यासारखी भावना काही दिवस अधिक जाणवते.

लेसरच्या रुग्णाला आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी, कारण ती न सांगितल्यास घरचे घाबरतात: लेसरच्या वेळी डोळा स्थिर ठेवण्यासाठी चूषणाचे कडे लावतात आणि त्याच्या दाबाने पांढऱ्या भागावर रक्ताचे लाल डाग दिसू शकतात. ते निरुपद्रवी असतात आणि एक-दोन आठवड्यांत विरतात.

पहिल्या दिवशी दिसणे धूसर असले, तर तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. बाहुली औषधाने मोठी केलेली असते आणि कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, थोडी सूज असते. मोतीबिंदू जितका जुना आणि कडक, तितकी फेकोची ऊर्जा अधिक लागते, तितकी ही सूज जास्त येते आणि तितके स्वच्छ दिसायला दिवस अधिक लागतात. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ हा सल्ला जुन्या काळात योग्य होता, कारण तेव्हाच्या पद्धतीच तशा होत्या. आज त्यामुळे फक्त शस्त्रक्रिया अवघड होते आणि बरे होणे लांबते. हिवाळ्यापर्यंत थांबण्यालाही आता वैद्यकीय कारण उरलेले नाही.

मऊ किंवा मध्यम कडक मोतीबिंदू असेल, तर फेको असो वा लेसर, बहुतेकांना दोन-तीन दिवसांत टीव्ही पाहणे, घरातल्या घरात वावरणे आणि थोडे वाचणे जमू लागते. रंग अधिक उजळ आणि निळसर वाटतात, कारण पिवळसर झालेले जुने भिंग गेलेले असते.

तिन्ही पद्धतींत पथ्य जवळजवळ सारखेच आहे. पहिला आठवडा-दहा दिवस डोक्यावरून अंघोळ करू नये, डोळा चोळू नये, रात्री झोपताना संरक्षक कवच लावावे, काजळ-सुरमा टाळावा, आणि चुलीच्या धुरापासून व शेतातील धुळीपासून डोळा जपावा. प्रतिजैविकाचे थेंब एक-दोन आठवडे, तर सूज कमी करणारे स्टिरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत चालतात. हे वेळापत्रक लेसर घेतल्याने आखूड होत नाही, आणि ‘बिनटाक्याचे, म्हणून पथ्य नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

सहा आठवड्यांनंतरचे चित्र

येथे मतांपेक्षा मोजमापे अधिक बोलकी आहेत, आणि त्यांतील एक पुण्यातले आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांची फेको आणि एसआयसीएस अशी यादृच्छिक विभागणी करून तुलना केली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगली दृष्टी फेको गटात सुमारे ८१ टक्के आणि एसआयसीएस गटात सुमारे ७१ टक्के डोळ्यांना होती. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गटांतील आकडा ९८.४ टक्के, म्हणजे अगदी सारखा झाला.

निर्णय घेणाऱ्यासाठी यात मोठी माहिती दडलेली आहे. मोठ्या छेदामुळे कॉर्नियाची वक्रता किंचित बदलते आणि आडव्या-उभ्या नंबरात फरक पडतो, पण तो फरक चष्मा भरून काढतो. ज्याला चष्मा लावण्याची अडचण नाही आणि ज्याच्यापुढे पैशांचा प्रश्न खरा आहे, त्याने एसआयसीएसला दुय्यम प्रतीची शस्त्रक्रिया मानण्याचे कारण नाही. किंबहुना दगडासारख्या कडक झालेल्या मोतीबिंदूत अनुभवी हातांची एसआयसीएस कॉर्नियाला फेकोपेक्षा कमी त्रास देणारी ठरू शकते.

फेको आणि लेसर यांची तुलना फ्रान्समध्ये पाच विद्यापीठीय रुग्णालयांत झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९०९ रुग्णांना आपल्यावर कोणती पद्धत वापरली हे कळू दिले नव्हते, आणि ही काळजी मोलाची आहे, कारण जास्त पैसे दिलेल्या माणसाला जास्त चांगले दिसल्यासारखे वाटणे स्वाभाविक असते. गंभीर गुंतागुंत नसणे, उत्तम दृष्टी, अपेक्षित नंबराच्या जवळ पोहोचणे आणि कॉर्नियाची वक्रता फारशी न बदलणे अशा चारही कसोट्या एकत्र पूर्ण करणारे डोळे लेसर गटात ४१.१ टक्के आणि फेको गटात ४३.६ टक्के निघाले. कसोटी कडक होती म्हणून आकडे लहान दिसतात. महत्त्वाचे हे, की लेसरचा गट पुढे नव्हता. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत ७८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही तीन महिन्यांनंतरची चष्म्याविनाची दृष्टी दोन्ही गटांत व्यवहारतः सारखीच होती. दोन्ही देशांतील संशोधकांनी वाढीव खर्चाच्या तुलनेत लेसर परवडणारा ठरत नाही असाच निष्कर्ष काढला.

असे का व्हावे? लेसरने पाडलेली खिडकी हाताने पाडलेल्या खिडकीपेक्षा अधिक अचूक गोल असते, यात शंका नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर उरणारा नंबर प्रामुख्याने डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता किती अचूक मोजली, त्यावरून भिंगाचा नंबर किती बरोबर काढला आणि भिंग पिशवीत नेमके कोठे स्थिरावले यांवर ठरतो. कुशल हाताची खिडकी त्यासाठी पुरेशी चांगली असते.

लेसर कोणाला उपयोगी, कोणाला नाही

लेसर निरर्थक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी जन्मभरात नव्याने तयार होत नाहीत. ज्यांच्या त्या पेशी आधीच कमी आहेत आणि मोतीबिंदू कडक आहे, त्यांच्या बाबतीत लेसरने आधी तुकडे केल्याने फेकोची ऊर्जा कमी लागते, आणि असा रुग्ण डॉक्टरांशी लेसरबद्दल गांभीर्याने बोलू शकतो.

याउलट बाहुली नीट मोठी होत नसेल, कॉर्नियावर फूल किंवा डाग असेल, डोळे फार खोल असतील, मान किंवा हात थरथरत असल्याने स्थिर झोपता येत नसेल, तर लेसर बहुधा जमत नाही. लेसरनंतर बाहुली आकुंचन पावण्याची प्रवृत्तीही दिसते. यासाठीच प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी ते नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. या औषधाने शस्त्रक्रियेत बुबुळ शिथिल होऊन फडफडते, आणि आधी माहीत असल्यास डॉक्टर तयारीत असतात. औषध पूर्वी घेतले आणि आता बंद केले असले, तरी सांगावे.

भिंग

चष्म्यापासून सुटका किती होईल हे मुख्यतः येथे ठरते. मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर, बहुधा दूरचे, स्वच्छ दाखवते; वाचायला चष्मा लागतो, पण प्रतिमा सर्वांत सुस्पष्ट मिळते. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल भिंगाने जवळचे व दूरचे दोन्ही दिसते, मात्र त्यासाठी प्रकाश वाटून घेतला जातो, आणि रात्री समोरच्या वाहनांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री महामार्गावर गाडी चालवणाऱ्याने, तसेच मधुमेहाने डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) बिघडलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या व्यक्तीने या भिंगांपासून शक्यतो दूर राहावे, असे मी निःसंकोच म्हणेन.

कॉर्नियाच्या वक्रतेमुळे मुळातच तिरपा (सिलिंडर) नंबर असेल, तर तो भरून काढणाऱ्या टॉरिक भिंगावर केलेला खर्च बहुधा सार्थकी लागतो. ते अचूक कोनात बसावे लागते: एक अंश फिरले तर परिणाम सुमारे तीन टक्क्यांनी कमी होतो आणि तीस अंश फिरले तर जवळपास संपतो. म्हणून त्याच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांची तपासणी चुकवू नये. वाढीव रक्कम एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असेल, तर लेसरऐवजी ती चांगल्या मोजमापावर आणि योग्य भिंगावर करावी.

विम्याची अट मात्र आधी वाचावी. २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती मर्यादा आहे, आणि २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळही आहे. अशी मर्यादा असलेल्या पॉलिसीत लेसरचा आणि उंची भिंगाचा वाढीव खर्च खिशातूनच जातो.

पुढचे काही महिने

नवा चष्मा फेको आणि लेसरनंतर साधारण चौथ्या आठवड्यात, तर एसआयसीएसनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास घ्यावा. त्यापूर्वी घेतलेला नंबर बदलू शकतो. दृष्टी सुधारून पुन्हा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास धूसर झाली, तर डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. मधुमेहींमध्ये ती अधिक आढळते आणि वेळीच दाखवल्यास बहुधा औषधांनी उतरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ‘मोतीबिंदू परत आला’ असे वाटते, तेव्हा भिंगामागच्या पिशवीवर जाळी आलेली असते. ती तीनही पद्धतींनंतर येऊ शकते आणि यॅग या वेगळ्या प्रकारच्या लेसरने काही मिनिटांत, दाखल न होता दूर करता येते.

पहिल्या पंधरवड्यात वेदना वाढत जाणे, लाली वाढणे, दृष्टी अचानक घसरणे, तसेच केव्हाही वीज चमकल्यासारखे दिसणे किंवा एका बाजूने काळा पडदा सरकणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसापर्यंतही न थांबता डॉक्टरांकडे जावे. जंतुसंसर्ग हजारात एखाद्यालाच किंवा त्याहून कमी जणांना होतो, पण झाल्यास काही तासांचा उशीर दृष्टी घेऊन जाऊ शकतो. म्हणून गावाकडून शहरात येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी पद्धत कोणती यापेक्षा रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, हे घरी परतण्यापूर्वी विचारून लिहून घ्यावे.